पुस्तकाची ओळख आणि ओळख देणाऱ्याची जबाबदारी

पूर्वी बँकेत नवे खाते उघडावयाचे झाल्यास जुन्या खातेदाराची ओळख लागत असे. अर्जावर ओळखीची सही करणारा खातेदार नवागताच्या सचोटीची एक प्रकारे हमीच देत असे. त्यामुळे माणूस खरोखर परिचयाचा असेल, तरच ही सही केली जाई. मराठीत पुस्तकावरील छोटेखानी लेखनाला ‘पुस्तक-परिचय’ असेच म्हटले जाते. नुकत्याच वाचलेल्या पुस्तकाविषयी स्नेह्याला, सहकाऱ्याला किंवा शेजाऱ्याला चार शब्द सांगणे म्हणजे त्या पुस्तकाची ओळख करून देणेच होय. मात्र खात्याच्या बाबतीत जी सावधगिरी बाळगली जाई, ती पुस्तकाच्या बाबतीत क्वचितच दिसते.

सध्या मतांचा तुटवडा मुळीच नाही. भ्रमणध्वनीवर मुखपृष्ठाचे छायाचित्र येते आणि त्याखाली ‘अप्रतिम’, ‘जरूर वाचा’, ‘संग्रही हवेच’ अशी दोन-तीन विशेषणे असतात. पाठविणाऱ्याने ते पुस्तक शेवटपर्यंत वाचले आहे काय, ते कोणाला रुचेल, कोणाला जड जाईल, यांपैकी काहीही त्यातून कळत नाही. विशेषणांनी पुस्तकाचा गौरव होतो खरा. पण वाचकाला निर्णय घेण्यास त्यांचा काडीचाही उपयोग होत नाही.

हा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा नाही. सन २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणाऱ्यांची संख्या सुमारे ८ कोटी ३० लाख होती. अशा भाषेत नव्या लेखकाच्या पुस्तकाची आवृत्ती अनेकदा हजार प्रतींच्या आतबाहेर असते. या पुस्तकांना मोठ्या जाहिराती लाभत नाहीत. महाराष्ट्राबाहेरच्या बहुतेक शहरांत तर मराठी पुस्तकांचे दुकानच नसते. असे पुस्तक जगते ते एका वाचकाने दुसऱ्याला सांगितल्यामुळे. सांगणारा बेफिकीर असेल, तर चांगले पुस्तक कपाटात पडून राहते आणि भलतेच पुस्तक भलत्या वाचकाच्या हाती जाते.

बृहन्महाराष्ट्रात याची किंमत अधिक मोजावी लागते. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद येथील अनेक मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलली जाते. परंतु मुलांचे शिक्षण हिंदी, गुजराती, तेलुगू किंवा इंग्रजीतून होते. इंदूरच्या मुलाला निदान देवनागरी लिपी अवगत असते; हैदराबादच्या मुलाला तीही सरावाची असेलच असे नाही. बदलीच्या नोकरीमुळे गावोगाव फिरणाऱ्या कुटुंबांचीही हीच स्थिती आहे. अशा घरातील एखादा तरुण वर्षाकाठी एखादेच मराठी पुस्तक हाती घेतो. ते त्याच्या आवाक्याबाहेरचे निघाले, तर दोष पुस्तकाला नव्हे, भाषेलाच लागतो. ‘मराठी वाचन आपल्याला जमणारे नाही’ असा त्याचा ग्रह होतो आणि दुसऱ्या पुस्तकाची वेळ बहुधा येतच नाही.

वाचलेल्या पुस्तकांविषयी गांभीर्याने बोलण्याची परंपरा मराठीला नवी नाही. सन १९६४ मध्ये सुरू झालेल्या ‘ललित’ मासिकाने ग्रंथव्यवहार हाच आपला विषय मानला. त्याच मासिकातून जयवंत दळवी यांनी ‘ठणठणपाळ’ या टोपणनावाने साहित्यविश्वाची खुसखुशीत झाडाझडतीही घेतली. ज्येष्ठ संपादक गोविंद तळवलकर यांनी ‘वाचता वाचता’ या लेखनातून इंग्रजी ग्रंथांचे जग मराठी वाचकांसमोर उलगडले. आयुष्याचा मोठा काळ बँकेच्या नोकरीत घालविलेले कवी सतीश काळसेकर यांच्या ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’ या लेखसंग्रहाला २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कथा नव्हे, कादंबरी नव्हे, तर एका वाचकाच्या नोंदींना हा मान मिळाला, ही बाब बोलकी आहे. वाचकाचे प्रामाणिक मत हीही एक वाङ्मयीन कामगिरी ठरू शकते, याची ती पावतीच म्हणावी लागेल.

महाराष्ट्राच्या सीमेपलीकडील उदाहरण पाहावयाचे तर धारवाडच्या जी. ए. कुलकर्णी यांचे पाहावे. इंग्रजीचे अध्यापन करणारे हे श्रेष्ठ कथाकार सभा-समारंभांपासून दूर राहिले. परंतु त्यांच्या पत्रव्यवहारात पुस्तकांची चर्चा अखंड चाललेली दिसते. सुनीता देशपांडे यांनी त्यांना लिहिलेली पत्रे २००३ मध्ये ‘प्रिय जी. ए.’ या नावाने ग्रंथरूप झाली. आवडलेल्या पुस्तकाविषयी नुसते सांगून जी. एं.चे समाधान झाले नाही. कॉनरॅड रिक्टर या अमेरिकी लेखकाच्या कादंबऱ्या त्यांनी ‘रान’, ‘शिवार’, ‘गाव’ या नावांनी मराठीत आणल्या. एखाद्या पुस्तकासाठी याहून मोठी शिफारस कोणती असू शकेल?

तेव्हा प्रश्न शिफारस करावी की नाही हा नसून ती कशी करावी हा आहे. चांगल्या ओळखीत तीन गोष्टी असावयास हव्यात : पुस्तक कोणासाठी आहे, ते का वाचावे आणि ते कोठे अडेल. यांपैकी तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित आहे.

विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ घ्या. कोकणातील वरसई गावचे हे भिक्षुक द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे निघाले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा आणि पाडाव त्यांनी प्रत्यक्ष पाहिला. इतिहासाची आवड असणाऱ्या निवृत्त गृहस्थाला, विशेषतः ग्वाल्हेर-झाशी परिसरात राहणाऱ्याला, हे पुस्तक सुचविणे सर्वथा योग्य. पण त्यासोबत हेही सांगावयास हवे की भाषा जुन्या वळणाची आहे, आरंभी तिची सवय व्हावी लागते, आणि हे लेखन घटनांनंतर बऱ्याच वर्षांनी आठवणीतून झालेले असल्याने त्यातील प्रत्येक तपशील पुराव्यासारखा धरता येणार नाही. एवढे आधीच कळले, तर वाचक निराश होत नाही. उलट तो अधिक सावधपणे आणि आवडीने वाचतो. शेजारच्या हिंदीभाषक मित्रालाही हे पुस्तक सुचविता येते, कारण अमृतलाल नागर यांनी ते ‘आँखों देखा गदर’ या नावाने हिंदीत नेले आहे.

मराठी वाचनाचा सराव नसलेल्या तरुणासाठी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ अधिक सोयीची. सन १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेली ही कादंबरी आकाराने लहान आहे, वाक्ये छोटी व स्वच्छ आहेत. माणदेशातील धनगरांच्या वाडीत आलेल्या कोवळ्या वयाच्या शिक्षकाची ही कहाणी नोकरीच्या पहिल्या नेमणुकीवर परमुलखात गेलेल्या कोणालाही जवळची वाटेल. मात्र कथानकाच्या वेगवान कलाटण्यांची अपेक्षा असणाऱ्याला येथे फारसे काही ‘घडत’ नाही असे वाटण्याचा संभव आहे, हेही सांगून ठेवावे.

अलीकडच्या पुस्तकांत कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ या कादंबरीला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणामुळे उठलेल्या गावातील माणूस आणि मागे राहिलेले जनावर यांच्या नात्यातून विस्थापनाचे दुःख या कादंबरीत उभे राहते. शहरी वाचकाने विकासाची दुसरी बाजू समजून घेण्यासाठी ती वाचावी. पण तिची बोली कोल्हापूरकडची आहे. प्रमाणभाषेवर वाढलेल्या किंवा महाराष्ट्राबाहेर जन्मलेल्या वाचकाला पहिली काही पाने अवघड जातील. ती मोठ्याने वाचली असता बोलीची लय कानाला सापडते. ही छोटीशी सूचना एखाद्या लांबलचक समीक्षेपेक्षाही वाचकाला अधिक उपयोगी पडेल.

यावर असा आक्षेप घेतला जातो की आवडनिवड ही ज्याची त्याची बाब आहे. मग कारणे सांगण्याचा खटाटोप कशासाठी? आवड व्यक्तिगत असते, हे मान्यच करावयास हवे. परंतु आवडीमागील कारणे मात्र इतरांना सांगता येतात आणि ऐकणाऱ्याला ती स्वतःच्या आवडीशी ताडून पाहता येतात. ‘पुस्तक संथ आहे’ हे एकाच्या दृष्टीने दूषण, तर दुसऱ्याच्या दृष्टीने आकर्षण ठरते. म्हणूनच न आवडलेल्या पुस्तकाविषयीही सकारण बोलले पाहिजे. लेखक ओळखीचा आहे, प्रत सप्रेम भेट मिळाली आहे, अशा संकोचापोटी खोटी स्तुती करणे हे भिडेखातर नको त्या कर्जाला जामीन राहण्यासारखे आहे. परतफेडीची वेळ येते तेव्हा भुर्दंड तिसऱ्यालाच बसतो.

आणखी एक पथ्य आवश्यक आहे. अनेक शिफारशी महाविद्यालयीन दिवसांतील आठवणींवर बेतलेल्या असतात. विसाव्या वर्षी झपाटून टाकणारे पुस्तक पन्नाशीत तसेच वाटेल असे नाही, आणि याच्या उलटही घडते. भालचंद्र नेमाडे यांची १९६३ मधील ‘कोसला’ विद्यार्थिदशेत वाचणारा आणि आपले मूल वसतिगृहात असताना वाचणारा, हे दोन निराळे वाचक असतात. त्यामुळे जुन्या आठवणीवर विसंबून शिफारस करण्याआधी ते पुस्तक पुन्हा चाळावे. नुकत्याच वाचलेल्या पुस्तकाविषयीचे मत अधिक भरवशाचे असते, ते यासाठीच.

या साऱ्याला संस्थांची जोड मिळाली, तर मोठे काम होऊ शकते. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९१० पासून बडोदा संस्थानात मोफत सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे विणण्यास आरंभ केला. पुस्तकांनी भरलेल्या पेट्या गावोगाव जाऊ लागल्या. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, २००९ मध्ये, नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाने ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या योजनेतून पुस्तकांच्या पेट्या वाचकगटांपर्यंत पोहोचविल्या आणि त्या परदेशातील मराठी माणसांपर्यंतही गेल्या. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे प्रणेते एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांत वाचकाला त्याचे पुस्तक आणि पुस्तकाला त्याचा वाचक मिळण्याचा आग्रह आहे. पेटी पुस्तक दारापर्यंत आणते. पण पेटीतील कोणते पुस्तक आधी उचलावे, हे सांगणारा माणूस असल्याशिवाय ती भेट पूर्ण होत नाही.

महाराष्ट्राबाहेरील मराठी मंडळे गणेशोत्सव आणि कोजागरी उत्साहाने साजरी करतात. त्याच कार्यक्रमांत अर्धा तास राखून तीन वाचकांनी प्रत्येकी एका पुस्तकाविषयी बोलावे, यास खर्च येत नाही. मंडळाच्या कपाटातील प्रत्येक पुस्तकात एक चिठ्ठी ठेवावी आणि वाचून परत करणाऱ्याने तीवर तीनच वाक्ये लिहावीत : कोणाला द्यावे, का द्यावे, कोठे अडेल. वर्षभरात त्या चिठ्ठ्यांतून त्या गावाची स्वतःची वाचनसूची तयार होईल आणि बदलून आलेल्या नव्या कुटुंबाला ती पहिल्या दिवसापासून उपयोगी पडेल.

अन्य भाषांच्या सहवासात राहणाऱ्या मराठी वाचकांवर तर एक अधिकची जबाबदारी आहे. उमा कुलकर्णी यांनी एस. एल. भैरप्पा, शिवराम कारंत आदींचे कन्नड साहित्य मराठीत आणले आणि त्यांचे पती विरूपाक्ष कुलकर्णी यांनी मराठी साहित्य कन्नडात नेले. एका घरात दोन भाषांनी एकमेकींची ओळख करून दिल्याचे हे उदाहरण आहे. प्रत्येकाला अनुवाद करणे शक्य नाही. परंतु वडोदऱ्यातील मराठी वाचकाला चांगली गुजराती कादंबरी पुण्यातील नातेवाइकाला सुचविणे आणि अनुवादित मराठी पुस्तक गुजराती शेजाऱ्याच्या हाती देणे निश्चितच शक्य आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. या दोन्ही घटनांचा आनंद योग्यच आहे. परंतु दर्जा मिळाल्याने एखाद्या पुस्तकाचा एकही वाचक आपोआप वाढत नाही. तो वाढतो कोणीतरी पुस्तक पूर्ण वाचून, विचार करून, योग्य माणसाच्या हाती ते दिल्यावर. या महिन्यात वाचून झालेले पुस्तक कपाटात परत ठेवण्यापूर्वी ते नेमके कोणाला द्यावे, याचा सुजाण वाचकाने क्षणभर विचार करावा, आणि ते देताना त्यातील अडचणीची जागाही सांगावी.