पहिला आला तोच खरा?

परदेशी असलेल्या लेकीचा फोन आला, की दोन वाक्ये होतात न होतात तोच “आई, तुझा आवाज तुटतोय गं” हे ठरलेले वाक्य कानी पडते. खरे पाहता इंटरनेटवरून येणारा आवाज निघतानाच तुटलेला असतो. एका सेकंदाच्या बोलण्याचे साधारणतः पन्नास तुकडे होतात व प्रत्येक तुकडा स्वतंत्र पाकिटातून रवाना होतो. तंत्रज्ञ त्याला पॅकेट म्हणतात. त्यावर अनुक्रमांक, वेळेची खूण आणि प्रवाहाची ओळख सांगणारा एक आकडा असतो. त्यांवरून पलीकडचे यंत्र तुकडे पुन्हा जुळवते. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या व २००३ साली सुधारलेल्या ‘आरटीपी’ या नियमावलीने ही रीत घालून दिली.

आता हे पाकीट लेकीकडूनच आले, हे कशावरून ओळखावे? वरचे आकडे तर कोणीही लिहू शकतो. पत्त्यावरून ओळखावे म्हटले, तर तेथेही अडचण आहे. घरातल्या फोनला राऊटरने दिलेला पत्ता घरापुरताच असतो. वाड्यातल्या खोलीचा क्रमांक बाहेरच्या टपालवाल्याला काय कळणार? म्हणून मधल्या सर्व्हरने एक युक्ती योजली. पहिले पाकीट ज्या पत्त्यावरून येईल, तिकडेच उत्तराचा आवाज पाठवावयाचा.

सोय झाली, पण दारही उघडे राहिले. भलत्यानेच सर्व्हरच्या योग्य पोर्टावर पाकीट टाकले, तर आपले बोलणे त्याच्याकडे जाऊ लागे. त्यासाठी त्याने दोघांच्या मध्ये कोठे तार जोडून बसण्याचीही गरज नव्हती. २०१७ साली संशोधकांनी ही उणीव ‘आरटीपी ब्लीड’ या नावाने जगापुढे मांडली आणि ‘अ‍ॅस्टरिस्क’ या प्रसिद्ध टेलिफोन-प्रणालीला त्याच वर्षी दुरुस्ती प्रसिद्ध करावी लागली. कोणी म्हणेल, आमच्या कौटुंबिक गप्पा ऐकून कोणाचे काय भले होणार? पण “खातेक्रमांक दाबा” असे सांगितल्यावर आपण जे आकडे दाबतो, तेही पुष्कळदा याच पाकिटांच्या ओघात जातात.

यावर पहिला उपाय म्हणजे उतावीळपणा सोडणे. एकाच ठिकाणाहून ओळीने काही पाकिटे आल्याशिवाय सर्व्हरने तो पत्ता मानू नये आणि एकदा मानल्यावर इतरांची पाकिटे टाकून द्यावीत. तथापि आगंतुक आधीच येऊन बसला, तर हा उपायही लंगडा पडतो. खरा उपाय २००४ च्या ‘एसआरटीपी’चा. यात आवाज कूटबद्ध होतोच, शिवाय प्रत्येक पाकिटावर गुप्त किल्लीने केलेली मोहोर असते. ती जुळली नाही, तर पाकीट उघडण्यापूर्वीच फेकले जाते. जुनेच पाकीट कोणी पुन्हा पाठवले, तर तेही नाकारले जाते. अट एवढीच, की ती किल्ली स्वतः उघड्यावरून पाठवू नये. पुष्कळ ठिकाणी नेमके हेच घडते: भक्कम कुलूप, आणि किल्ली दाराच्या खिळ्याला!

आमच्या परिचयाच्या एका संस्थेत आवाज एकाच बाजूने ऐकू येऊ लागला, तेव्हा दुरुस्तीला आलेल्या गृहस्थांनी पत्त्याची ही तपासणीच बंद करून टाकली. आवाज सुरू झाला, सर्वांनी त्यांचे आभार मानले. दोन वर्षे ती तशीच बंद होती.

मोहोर असली, तरी पाकीट वाचणाराही सावध हवा. व्हॉट्सअ‍ॅपचे संभाषण २०१९ मध्येही कूटबद्धच होते. तरी त्या वर्षी मे महिन्यात उघडकीस आले, की मुद्दाम विकृत बनवलेली पाकिटे फोन करण्याच्या मिषाने पाठवून हेरगिरीचा प्रोग्रॅम फोनमध्ये घुसवता येत होता. फोन उचलण्याचीही गरज नव्हती. आलेला मजकूर त्यासाठी राखलेल्या जागेत मावतो की नाही, याची तपासणी तेथे अपुरी पडली होती. सुमारे १,४०० जणांवर हा प्रयोग झाला. त्यांत भारतातील पत्रकार व मानवाधिकार कार्यकर्तेही होते. कंपनीने दुरुस्ती तातडीने पाठवली, पण ती ज्यांनी फोनमध्ये उतरवून घेतली त्यांनाच उपयोगी पडली.

घरातील वडीलधाऱ्यांच्या फोनवर “अपडेट करा” ही सूचना महिनोन्‌महिने तशीच पडून असते. येत्या रविवारी नातवंडे घरी आली, की त्यांच्याकडून एवढे काम आधी करवून घ्यावे. अनोळखी फोन मुके करण्याची जी सोय २०२३ पासून व्हॉट्सअ‍ॅपवर आहे, तीही त्याच बैठकीत सुरू करून घ्यावी.