पाड्यावरची महागाई

आमच्या दुकानात तेलाची लिटरची पिशवी क्वचितच विकली जाते. खपतं ते दहाचं आणि वीसचं सुटं तेल. साखर पावशेर, चहा पावडरची पाच रुपयांची पुडी, साबणाची छोटी वडी, शाम्पूची एक रुपयाची पुडी. पिशवी घेणाऱ्यापेक्षा दहाचं तेल घेणाऱ्या बाईला लिटरमागे वीसएक रुपये जास्त मोजावे लागतात. तिला हे कळत नाही असं कुणी समजू नये, हिशेब तिला चोख येतो. पण लिटरचे पैसे एकदम हातात येण्याचा दिवस तिच्या आठवड्यात उगवत नाही. रोजची मजुरी रोज येते, कधी येतही नाही, आणि तेल संध्याकाळच्या फोडणीपुरतंच लागतं.

भिवंडी तालुक्यात अंबाडी नाक्यावरून आत वळलं की तानसा नदीच्या अंगाला आमचं गाव आहे. सासऱ्यांनी टाकलेलं किराणा दुकान आता मी चालवते. गावात आम्ही कुणबी, थोडी आगरी घरं, आणि भोवताली कातकऱ्यांचे, वारल्यांचे, मल्हार कोळ्यांचे पाडे. भिवंडी म्हटलं की बाहेरच्या माणसाला यंत्रमाग आठवतात, नाहीतर गोदामं. तीही भिवंडीच आहे. काल्हेर, कशेळी, मानकोली, पूर्णा, राहनाळ या बाजूला भातशेतीवर गोदामं उभी राहिली आणि सगळ्या मुंबईचा माल तिथे उतरू लागला. पण तालुका तिथे संपत नाही. चिंबीपाडा, दिघाशी, वज्रेश्वरी, गणेशपुरी या अंगाला आलात की वेगळाच मुलूख लागतो, आणि तो ठाण्यापासून चाळीसेक किलोमीटरवर आहे.

या मुलखाबद्दल शहरातला माणूस एकच गोष्ट ठामपणे बोलतो: गावात राहणं स्वस्त. घरभाडं नाही, भात घरचा, भाजी परसातली, मग खर्च कसला? राग यावा इतक्या वेळा मी हे ऐकलं आहे. म्हणून दुकानाच्या गल्ल्यावरून जे दिसतं ते लिहिते.

पुड्यावर छापलेली किंमत दादरला आणि पाड्यावर एकच असते. शहरात मात्र मोठ्या दुकानात त्या किमतीवर सूट मिळते, दोनावर एक फुकट मिळतं. आमच्याकडे छापील किंमत पूर्ण द्यावी लागते, कारण भिवंडीच्या बाजारातून माल आणायला टेम्पोचं भाडं मला पडतं. कांदा, बटाटा, डाळ, गूळ या सुट्या मालावर ते भाडं सरळ चढतं. साबणाचा, बिस्किटांचा जो खोका माझ्या फळीवर येतो, तो बहुतेक वेळा आमच्याच तालुक्यातल्या गोदामातून निघालेला असतो. घाऊक, मग किरकोळ असे हात बदलत तो माझ्याकडे पोचतो, आणि प्रत्येक हात आपला वाटा ठेवतो.

तरी किराण्याची महागाई सहन होण्यातली आहे. खरा खर्च अंतराचा आहे.

पाड्यावरून नाक्यापर्यंत शेअर रिक्षाची सीट वीस-तीस रुपये, नाक्यावरून भिवंडीला चाळीस-पन्नास. गोदामात पॅकिंगला जाणाऱ्या पोराला ठेकेदाराकडून चारशे-साडेचारशे हाजरी मिळते. त्यातले सव्वाशे-दीडशे जाण्यायेण्यात संपतात. पाळी रात्री सुटली तर शेअर रिक्षा नसते, स्पेशल करावी लागते. मग दिवस फुकट गेल्यासारखाच. कित्येक पोरं चार महिने काम करून घरी बसतात, आणि मग लोक म्हणतात की आदिवासी पोरं कामाला टिकत नाहीत. पोरं टिकतील, रस्ता त्यांना टिकू देत नाही.

हे केवळ माझ्या गावाचं गाऱ्हाणं नाही. केंद्र सरकारच्या 2023-24 च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत ग्रामीण भारतात माणशी महिन्याचा सरासरी खर्च 4,122 रुपये निघाला, शहरांत 6,996. एवढंच वाचलं तर गाव स्वस्त वाटतं. पण त्याच पाहणीत गावचा माणूस त्यातले शंभरातले सत्तेचाळीस रुपये खाण्यावर घालवतो आणि शहरातला चाळीसच्या आत, हेही आहे. खाणं सोडून बाकीच्या खर्चांत गावांत पहिला नंबर लागला तो प्रवासाचा. औषधपाणी, कपडे, करमणूक, सगळं त्याच्या मागे. म्हणजे गावचा माणूस कमी खर्च करतो तो वस्तू स्वस्त आहेत म्हणून नाही. पैसे संपतात म्हणून तो हात आखडता घेतो.

आता सवलतींचं पाहा. 17 मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. पंचाहत्तरीच्या पुढच्या माणसांना 2022 च्या ऑगस्टपासून पूर्ण मोफत. मुलींना बारावीपर्यंत शाळेचा पास फुकट. तिन्ही निर्णय चांगले आहेत आणि मी त्यांच्या बाजूची आहे. पण सवलत एसटीच्या दारात मिळते आणि आमच्या पाड्यावर एसटी येत नाही. नाक्यावर उभं राहिलं तर मिळते, पण नाक्यापर्यंत यायला रिक्षाचे पूर्ण पैसे मोजावे लागतात. मुलगी आठवीत जाते, शाळा दूर होते, पास हातात असतो आणि गाडीची वेळ जुळत नाही. बाप दोन महिने रिक्षाचे पैसे देतो, तिसऱ्या महिन्यात मुलगी आईबरोबर कामाला दिसते. अशा मुली माझ्या दुकानात मीठ-मिरची न्यायला येतात. त्यांच्या बरोबरच्या, नाक्याला लागून राहणाऱ्या मुली दहावीला बसतात. दोघींच्या डोक्यात फरक नाही, घराच्या जागेत आहे.

रेशनचंही तेच. 2023 च्या जानेवारीपासून धान्य फुकट आहे, माणशी पाच किलो, अंत्योदय कार्डावर घराला पस्तीस किलो. या धान्यामुळे आमच्या भागात उपासमार थांबली असं मी डोळ्यांनी पाहून सांगते. पण पस्तीस किलो डोक्यावर घेऊन तीन-चार किलोमीटर चालवत नाही, आणि रेशनचं दुकान मोठ्या गावात असतं. अंगठा मशीनवर उठला नाही, रेंज गेली, की पुन्हा उद्या. फुकटच्या धान्याला असे रिक्षाचे दीड-दोनशे लागतात. ‘लाडकी बहीण’ योजनेचे पंधराशे आले तरी ते काढायला नाक्यावर जावंच लागतं, तिथेही आधी भाडं.

दुखण्याचं काय सांगू! 108 ची गाडी 2014 पासून आहे, फोन केला की येते आणि एक पैसा घेत नाही. पोचवायला ती फुकट, परत यायला माणूस स्वतःच्या खिशातून येतो. भिवंडीत नाही भागलं तर पुढे ठाणं. पेशंटबरोबर दोन माणसं जातात, त्यांचं खाणं, त्यांची बुडालेली मजुरी, घरी राहिलेल्या पोरांना सांभाळणारं कुणीतरी. औषधं सरकारी असली तरी बाळंतपणाला चार-पाच हजार लागून जातात. ही रक्कम कुठल्याच कागदावर उपचाराचा खर्च म्हणून लिहिली जात नाही.

ती लिहिली जाते माझ्या वहीत. ‘मावशे, लिवून ठेव’ म्हणून जे नेलं जातं, त्याची गोष्ट शहरातल्या वाचकाला नीट कळायला हवी. भात कापून झाला की आमच्याकडे काम संपतं. तानसा उशाशी वाहते, तरी इथली शेती बव्हंशी एका पिकाची. रोजगार हमीचा दर 2025-26 मध्ये 312 रुपये होता, पण काम निघालं तर. त्यामुळे दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडी, वसई, कल्याणच्या बाजूला. जाण्याआधी भट्टीमालकाकडून उचल घेतात, दहा हजार, वीस हजार. त्या उचलीतून आधी माझी उधारी फिटते. पावसाळ्यात नेलेलं तेल-मीठ, दवाखान्याच्या वेळी नेलेला किराणा, रिक्षावाल्याचे राहिलेले पैसे, सगळं त्या एका दिवशी फिटतं. मला पैसे मिळतात आणि त्या घराचे पुढचे सात महिने विकले जातात. भट्टीवर आठवड्याला खर्ची मिळते, ती उचलीत धरली जाते, हजार विटांमागे दर लागतो, आणि आगोटीच्या, म्हणजे पावसाच्या, तोंडावर हिशेब होतो तेव्हा कित्येकांच्या नावावर उलट बाकीच निघते. ती फेडायला पुढच्या वर्षी पुन्हा तीच भट्टी. आईबापांबरोबर पोरं जातात, शाळेचा पट अर्धा होतो.

अशी वेठबिगारी बंद करणारा कायदा 1976 चा आहे. विवेक पंडितांच्या श्रमजीवी संघटनेनं 1982 पासून या भागात वेठबिगार सोडवण्याची लढाई लढली, आजही लढते. त्या लढाईनं माणसं सुटली, ताठ उभी राहिली, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. पण सुटलेला माणूस पुन्हा उचल का घेतो, याचं उत्तर भट्टीवर शोधून मिळणार नाही. ते पाड्यावरच्या खर्चात आहे. बाळंतपणाचे चार-पाच हजार खिशातून गेले नसते, आगोट भरायला मे महिन्यात रोख असती, तर निम्म्या घरांना उचल लागली नसती असं माझं मत आहे.

आगोटीबद्दलही सांगायला हवं, कारण शहरात आता ती उरली नाही. पाऊस लागण्याआधी तांदूळ, डाळ, कांदे, मिरची, हळद, सुके बोंबील, सुकट, मीठ भरून ठेवायचं. आमच्याकडे ही हौस नाही. ओढ्याला पूर आला की मोरी पाण्याखाली जाते, पाडा दोन-दोन दिवस तुटतो. ज्याच्याकडे मे महिन्यात पाच-सहा हजार एकरकमी असतात तो भिवंडीच्या बाजारातून घाऊक भावात भरून आणतो. ज्याच्याकडे नसतात तो जुलैत माझ्याकडून पावशेर-पावशेर नेतो. वर्षाच्या शेवटी जास्त पैसे त्याचेच गेलेले असतात.

पाण्याकडे वळते. तानसा धरण 1892 चं. त्याच्या पाण्याचे मोठाले नळ आमच्या तालुक्यातून मुंबईला जातात. भातसाचं पाणी पिसे-पांजरापूरला उचललं जातं, शुद्ध होतं आणि मुंबईच्या घराघरांत पोचतं, पांजरापूर भिवंडी तालुक्यातच येतं. शेजारच्या शहापुरात भातसा, तानसा ही धरणं असून उन्हाळ्यात टँकर फिरतात. आमच्या पाड्यांवरच्या बायका एप्रिल-मे मध्ये बोअरिंगवर रांगा लावतात, बोअरिंग आटलं की नदीत डवरे खणतात. हंडाभर पाण्याला दीड तास जातो. त्या दीड तासाची मजुरी कुणी मोजत नाही, पण ती बाई मोजते, कारण तेवढ्या वेळानं उशीर झाला की मुकादम कामावर घेत नाही. मुंबईला पाणी मिळायलाच हवं, माझी सख्खी नणंद तिथे राहते. ज्यांच्या अंगणातून ते जातं त्यांनाही मिळावं.

मोठे रस्तेही आमच्याच तालुक्यात येऊन मिळतात. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला खुला झाला आणि तो भिवंडी तालुक्यातल्या आमण्याला उतरला. नागपूरहून 701 किलोमीटर आठ तासांत. मुंबई-वडोदरा महामार्ग याच तालुक्यातून, बुलेट ट्रेनही. मी या कामांच्या विरोधात नाही. पण आमण्याच्या त्या चकचकीत रस्त्याच्या तालुक्यात पाड्यावरच्या गरोदर बाईला नाक्यापर्यंत यायला पक्की वाट नसेल, तर विकास लांबून जातो आहे, थांबत नाही, असंच आम्ही म्हणणार.

केंद्र सरकारनं 2018 साली शहरांची राहणीमानाच्या सुलभतेनुसार क्रमवारी लावली, पुणे पहिलं आलं. 2020 च्या यादीत मोठ्या शहरांत बेंगळुरू पहिलं, पुणे दुसरं. पाणी, वाहतूक, आरोग्य, शिक्षण असं सगळं त्यात मोजलं. हेच मोजमाप पाड्याला लावावं. पण लावताना वस्तूची किंमत विचारू नका, ती वस्तू घरी येईपर्यंत किती पैसे आणि किती वेळ गेला ते विचारा.

इथे राहण्यात सुख नाही असं मात्र मी म्हणणार नाही. पावसाळ्याच्या तोंडावर रानात शेवळं येतात, मग कंटोली, टाकळा, कुरडू. नदीला मासे, चिंबोऱ्या. कुणाच्या घरी मयत झालं तर चुलीवर भात शेजारणीच चढवतात. भट्टीवर गेलेली माणसं परत येतात ती या सगळ्यासाठी, नाहीतर भिवंडीत झोपडं बांधणं त्यांना अवघड नव्हतं. इथेच राहायचं आहे म्हणणाऱ्या माणसांची ही मागणी आहे, दया मागणं नव्हे.

मागणी मोठी नाही. सकाळी पाळीच्या आणि शाळेच्या वेळेला एक, संध्याकाळी सुटण्याच्या वेळेला एक, अशी गाडी पाड्यांच्या वाटेवरून फिरवा. एसटीची मोठी गाडी वळत नसेल तर लहान द्या, पण सवलत तीच ठेवा. रेशन महिन्यातून एक दिवस पाड्यावर आणून वाटा. दवाखान्यातून घरी सोडायलाही गाडी द्या, निदान बाळंतिणीला तरी. भाताच्या कापणीनंतर लगेच, उचल देणारा मुकादम पाड्यावर यायच्या आधी, रोजगार हमीचं काम काढा आणि मजुरी आठवड्याला द्या. हे चार खर्च सरकारनं अंगावर घेतले, तर दिवाळीनंतर माझ्या दुकानासमोरून भट्टीकडे जाणारे ट्रक कमी होतील. माझी उधारी उशिरा फिटली तरी चालेल.