भरडणी डोंगरातच व्हावी

दिवाळीच्या आसपास सह्याद्रीच्या उतारांवरची वरई खळ्यावर येते. अकोले, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा, जव्हार या पट्ट्यातली कुटुंबे ती झोडून, उफणून पोत्यात भरतात. उधारी फेडायची असते, सण तोंडावर असतो. म्हणून बरीचशी वरई तुसासकट आठवडे बाजारात किंवा दारी आलेल्या व्यापाऱ्याकडे जाते. पुढे ती नाशिकच्या भगर मिलमध्ये सडली जाते, चाळून भगर म्हणून पिशवीत भरली जाते आणि आषाढी, श्रावण, नवरात्रात घरोघरच्या उपवासाला पोहोचते. ज्या गावांनी ती पिकवली, तिथल्या दुकानातही ती असते आणि पिकवणारेच ती विकत घेतात.

डोंगरी शेतीत काम करणारे कृषी सहायक, उत्पादक कंपन्यांचे व्यवस्थापक, बचत गटांच्या ताई आणि संस्थांचे कार्यकर्ते यांच्यासमोर या महिन्यात एकच मुद्दा ठेवायचा आहे. वरईची भरडणी डोंगरात परत आणल्याशिवाय या पिकाची मूल्यसाखळी शेतकऱ्याची होणार नाही.

नाचणी आणि वरई ही नावे आपण एका दमात घेतो, पण त्यांची गरज वेगळी आहे. मळून, पाखडून साफ केलेली नाचणी थेट पिठाच्या चक्कीवर जाते. वरईच्या दाण्यावर मात्र घट्ट, गुळगुळीत तूस असते. ते काढण्याचे काम पिढ्यान् पिढ्या उखळ-मुसळावर आणि जात्यावर बायकांनी केले. शेतातली लावणी, निंदणी, कापणी संपल्यावर हे कष्ट पुन्हा त्यांच्याच वाट्याला येत. नव्या पिढीतील स्त्रियांनी ते नाकारले, यात त्यांचे काहीच चुकले नाही. चूक आहे ती त्याला पर्याय न देणाऱ्या व्यवस्थेची. गावातल्या भाताच्या गिरणीत वरई घातली तर कणी होते आणि कोंड्याबरोबर पोषणही निघून जाते. परिणामी वरई घरात शिजणे कमी झाले, आणि जे घरात शिजत नाही त्याचा पेराही घटतो.

पेरा घटण्याचे नुकसान फक्त ताटापुरते नाही. वरकस जमिनीवर पहिल्या वर्षी नाचणी, मग वरई, मग खुरासणी आणि त्यानंतर काही वर्षे पड, अशी जुनी फेरपालट आहे. उथळ, उताराच्या मातीला ती मानवते. तिच्यातली मधली कडी निखळली की सगळा क्रम विस्कटतो.

सरकारी पातळीवर गेल्या काही वर्षांत तृणधान्यांना मान मिळाला. 2018 मध्ये केंद्राने त्यांना पौष्टिक तृणधान्ये म्हणून अधिसूचित केले, तर 2023 हे आंतरराष्ट्रीय तृणधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. नाचणीची आधारभूत किंमत 2017-18 मध्ये क्विंटलला 1,900 रुपये होती, 2025-26 साठी ती 4,886 रुपये झाली. वरईला मात्र आधारभूत किंमतच नाही. तिचा भाव बाजारात ठरतो आणि तुसासकट माल विकणाऱ्याला तिथे बोलायला जागा नसते. कोल्हापूरच्या संशोधन केंद्राने 'फुले एकादशी'सारखा सुधारित वाण दिला, पण चांगल्या वाणाचे वाढीव उत्पन्नही याच अरुंद वाटेने बाहेर जाणार असेल तर शेतकऱ्याच्या पदरात फारसे पडणार नाही.

उपाय हाताशी आहेत. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेसारख्या ठिकाणी बारीक तृणधान्यांसाठी छोटी यंत्रे विकसित झाली आहेत. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपये अनुदान मिळते. पण यंत्र बसवून काम संपत नाही. मळणी ताडपत्रीवर किंवा फरशीवर झाली नाही तर धान्यात खडे येतात आणि चाळण्यांचे काम वाढते. ओलावा 12 टक्क्यांच्या वर राहिला तर दाणा नीट सुटत नाही. क्विंटलमागे साधारण 60 ते 65 किलो वरईचा तांदूळ मिळायला हवा, त्याऐवजी कणीच वाढते.

ओलाव्याचा प्रश्न थेट माणसांच्या जिवाशीही येतो. उपवासाच्या दिवसांत भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. दमट साठवणीत ॲस्परजिलस जातीची बुरशी धान्यावर वाढते आणि पिठात ती लवकर पसरते. तुसासकट वाळवून ठेवलेली वरई वर्षानुवर्षे टिकते. तूस काढलेली मात्र खवट होते. म्हणून माल तुसातच साठवावा आणि मागणी येईल तशी भरडणी करावी. दूरच्या मिलपेक्षा गावातल्या केंद्राला हे सहज जमण्यासारखे आहे.

उत्पादक कंपन्यांचा क्रम मात्र बहुतेक ठिकाणी उलटा दिसतो. आधी नोंदणी, मग बोधचिन्ह, आकर्षक पाकीट, शहरातल्या प्रदर्शनात गाळा. प्रक्रिया शेवटी, तीही बाहेरून करून घेतलेली. 2020 मध्ये सुरू झालेल्या 10,000 उत्पादक संघटनांच्या केंद्रीय योजनेत व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत 18 लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. खरिपात एकदाच येणाऱ्या पिकासाठी तीन वर्षे म्हणजे तीनच हंगाम. ते पाकिटाच्या रंगावर घालवणे परवडणारे नाही. पहिल्या हंगामात सभासदांच्या घरची वरई भाडे घेऊन भरडून द्यावी. यंत्र चालवणाऱ्या महिलांचा हात बसेल आणि गावाच्या ताटात वरई परत येईल. दुसऱ्या हंगामात वाळवण, प्रतवारी आणि साठवणीची शिस्त लावावी. तिसऱ्या हंगामात, हाती खात्रीचा माल असताना, बाजाराशी बोलावे.

ओडिशाने 2017 मध्ये आदिवासी जिल्ह्यांत तृणधान्य अभियान सुरू केले, तेव्हा गावातला वापर, महिला गटांकडची प्रक्रिया आणि नाचणीची सरकारी खरेदी ही कामे एकत्र हाती घेतली. नाचणी तिथे अंगणवाडीपर्यंत पोहोचली. महाराष्ट्रातल्या आदिवासी तालुक्यांतील आश्रमशाळा आणि अंगणवाड्यांनी आठवड्यातून एकदा स्थानिक वरईचा भात दिला, तरी गावच्या भरडणी केंद्राला बारमाही काम मिळेल.

वाचकांना विनंती आहे की येत्या सुगीआधी आपल्या कार्यक्षेत्रात दोन गोष्टी तपासाव्यात: वरई भरडायला सर्वांत जवळचे यंत्र किती किलोमीटरवर आहे, आणि ते चालू आहे का. ज्या खोऱ्यात उत्तर समाधानकारक नसेल, तिथल्या पुढच्या प्रस्तावात पहिली ओळ त्या यंत्राची असू द्या.