प्रशिक्षण कोणाला, नवे तंत्र कोणासाठी?

अवजड उद्योगांतील उत्पादकतेची चर्चा निघाली की व्यवस्थापनाचे उत्तर ठरलेले असते: कामगारांना प्रशिक्षण द्या, नवी यंत्रे आणा. या दोहोंना विरोध करण्याचे कारण नाही. परंतु प्रशिक्षण कोणाला मिळते आणि नवे तंत्र कोणाला विचारून येते, हे प्रश्न टाळून कामगाराच्या कार्यक्षमतेचा हिशेब मांडता येणार नाही.

भिलाईचा पोलाद कारखाना याची साक्ष देतो. १९५५ च्या करारानुसार सोव्हिएत सहकार्याने तो उभारला गेला आणि फेब्रुवारी १९५९ मध्ये तेथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. भारतीय अभियंते व कामगार सोव्हिएत कारखान्यांत जाऊन शिकून आले. यंत्राबरोबर माणूसही घडवला गेला, म्हणूनच देशाच्या रेल्वेला रूळ पुरवणारा हा कारखाना आपल्या पायांवर उभा राहिला.

मात्र याच भट्ट्यांना लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहरा येथील खाणींत हजारो कंत्राटी मजूर हातांनी दगड फोडत होते. पुढे संपूर्ण यांत्रिकीकरणाचा घाट घातला गेला, तेव्हा १९७७ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या संघटनेने शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली अर्धयांत्रिकीकरणाची पर्यायी योजना मांडली. अतिकष्टाची कामे यंत्राने व्हावीत, उत्पादन वाढावे, पण कोणाची भाकरी जाऊ नये, हे तिचे सूत्र होते. दल्लीच्या खाणीत ती काही वर्षे प्रत्यक्ष चालली. नवे तंत्र केवळ अभियंत्याच्या मेजावर जन्मत नाही, हे या मजुरांनी दाखवून दिले.

कंत्राटी श्रमाच्या नियमनाचा कायदा १९७० मध्ये झाला. तरी आजही पोलाद कारखान्यांत कंत्राटी कामगारांची संख्या मोठी आहे. कंत्राट बदलले की अनुभवाने शिकलेला हात फाटकाबाहेर जातो आणि नवखा हात तप्त धातूजवळ उभा राहतो. येथील धोका हुद्दा पाहत नाही. जून २०१४ मध्ये भिलाईतील वायुगळतीत सहा जणांचे प्राण गेले. त्यांत वरिष्ठ अधिकारीही होते.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. कायम व कंत्राटी, दोघांनाही सारखेच प्रशिक्षण मिळावे आणि ते पगारी वेळेत व्हावे. वाढलेल्या कौशल्याबरोबर वेतनश्रेणीही वाढावी. नवे यंत्र येण्यापूर्वी त्याची योजना कामगार संघटनेपुढे ठेवली जावी. ज्याला उद्याच्या रोजगाराची शाश्वती नाही, त्याच्याकडून आज कार्यक्षमतेची अपेक्षा करणे हा न्याय नव्हे. आणि तो शहाणपणाचा व्यवहारही नव्हे.