शाळा बांधताना कोणाला विचारता?

शिक्षणाविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. अभ्यासक्रम बदलावा, परीक्षापद्धती सुधारावी, शिक्षकांची रिक्त पदे भरावीत, यावर आपल्या वादविवाद मंडळात आम्हीही तावातावाने भांडलो आहोत. पण ज्या चार भिंतींत हे सारे घडायचे, त्या भिंती कशा असाव्यात, खिडकी किती उंचीवर असावी, छप्पर कशाचे असावे, याची चर्चा मी कधी ऐकली नाही. तो जणू कंत्राटदाराचा खासगी प्रश्न!

मी सातवीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. घरी शाळा म्हणजे देऊळ, आणि देवळाच्या बांधकामाला नावे कोण ठेवणार? तरी आज ठेवते.

आमच्या शाळेच्या दोन वर्गांवर पत्रे होते. पावसाची मोठी सर आली की गुरुजींचे ओठ हलताना दिसत, शब्द ऐकू येत नसत. शेवटी गुरुजी खडू ठेवून स्वस्थ बसत. मार्च उजाडला की शाळा सकाळची होई. सकाळच्या शाळेचे आम्हा मुलांना मोठे अप्रूप. पण ती सकाळी का भरवावी लागते, याचे उत्तर डोक्यावरच होते. दुपारी त्या पत्र्याखाली बसवत नसे. पटांगणात एक जुना कडुनिंब होता, त्याच्या सावलीत निदान एक वर्ग भरे. नवी खोली मंजूर झाली तेव्हा तोच तोडला. खोली दहा पावले सरकवता आली असती. पण नकाशा आधीच ठरून आला होता, आणि नकाशात झाड नव्हते.

मुलींचे शौचालय होते. होते म्हणजे बांधलेले होते. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, दार मैदानाकडे. पाणी हापशीवरून बादलीने न्यायचे. साऱ्या मुलांच्या देखत ती बादली घेऊन मैदान ओलांडायची कोणाची छाती? आम्ही सकाळपासून पाणीच पीत नसू. सहावी-सातवीत महिन्याचे ते चार दिवस मुली घरी राहू लागल्या, अभ्यास मागे पडू लागला. माझ्या बरोबरच्या दोघींनी सातवीनंतर शाळा सोडली. कारण एवढे एकच होते असे मी म्हणणार नाही. परंतु ते दार दुसऱ्या बाजूला ठेवले असते तर खर्च एका पैशानेही वाढला नसता. दार कुठे हवे, हे आमच्यापैकी कोणीही सांगितले असते. विचारले मात्र कोणी नाही.

२००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या अनुसूचीत शाळेला काय हवे त्याची यादी आहे : सर्व ऋतूंत टिकणारी इमारत, प्रत्येक शिक्षकामागे एक खोली, मुलांमुलींना वेगळी शौचालये, पिण्याचे पाणी, आहार शिजवायला स्वयंपाकघर, मैदान, कुंपण. ही यादी मोलाची आहे; तिच्या जोरावर गावाला हक्काने मागणी करता येते. पण वस्तू आहे की नाही, एवढेच ती विचारते. उजेड, वारा, उन्हाची झळ यांचा तिच्यात शब्द नाही. तपासणीला येणारे साहेब रकान्यात 'आहे' लिहितात, आणि ते खोटेही नसते.

गरीब देशाला असले चोचले परवडणार नाहीत, असे कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी आपल्याहून गरीब अशा बुर्किना फासो या आफ्रिकी देशाचे उदाहरण देते. फ्रान्सिस केरे हा आपल्या गावातला शाळेत गेलेला पहिला मुलगा. पुढे जर्मनीत वास्तुशास्त्र शिकत असतानाच त्याने पैसे जमवून गावी प्राथमिक शाळा उभारली. ती २००१ साली पूर्ण झाली. गावकऱ्यांनी स्वतः राबून, गावच्याच मातीत थोडे सिमेंट मिसळून विटा पाडल्या. छपराला पत्राच वापरला. पण तो वर्गाच्या डोक्यावर टेकवला नाही. खाली विटांचे सच्छिद्र छत घातले आणि पत्रा त्याच्यापासून वर उचलून धरला. वर्गातली गरम हवा छतातून वर जाते आणि मधल्या मोकळ्या जागेतून निघून जाते. २०२२ मध्ये केरे यांना वास्तुकलेचा प्रिट्झकर पुरस्कार मिळाला. पुरस्काराचे राहू द्या. पत्रा आमच्याकडेही होता, एवढेच मला म्हणायचे आहे. केरळात लॉरी बेकर यांनी विटांच्या जाळ्यांतून वारा खेळवणाऱ्या स्वस्त इमारती कितीतरी वर्षांपूर्वी बांधून दाखवल्या. म्हणजे हे ज्ञान आपल्या देशाला परके नाही.

हल्ली भिंतींवर पाढे, नकाशे, फळे रंगवून शाळा 'बोलकी' करतात. छान दिसते. पण तापलेल्या भिंतीवर आंबा काढला म्हणून भिंत गार होत नाही.

आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरातही शाळा रंगवण्याचा कार्यक्रम असतोच. प्राध्यापक महोदयांना आणि मित्रमैत्रिणींना माझी सूचना अशी की, पुढच्या शिबिरात रंगाचे डबे उघडण्याआधी एक दिवस वेगळा काढावा. दुपारी दोन वाजता प्रत्येक वर्गात तापमापक टांगावा. आपल्यातल्या मुलींनी सहावी-सातवीच्या मुलींशी एकांतात बोलावे. मैदान, दार, बादली, सारे विचारावे. जे कळेल ते नकाशासह लिहून पंचायत समितीच्या बांधकाम विभागात द्यावे आणि पोच घ्यावी. नकाशा काढायला भूगोलाचे विद्यार्थी आहेतच. अर्जाचा मसुदा मी करीन.