देगांची वही आणि 300 शब्द

अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाने अनेक वर्षं अर्जदारांना एक प्रश्न विचारला. तुम्ही ज्या समूहांत मोडता त्यातला एक निवडा, त्याचं वर्णन करा, त्यात तुमची जागा कोणती ते सांगा. समूह धर्माचा चालेल, गावाचा, आवडीचा, अगदी खाण्यापिण्याचासुद्धा. मर्यादा 300 शब्द. प्रश्न इतका मोकळा, पण आपल्या मुलांपर्यंत पोचेस्तोवर त्याचा एकच अर्थ उरतो: रडून दाखवा.

माझ्या भाचीने कोकणातल्या आमच्या जमातीच्या देगांवर लिहिलं होतं. गावात लग्न निघालं की या मोठ्या देगा जमातीकडून न्यायच्या, वहीत नोंद करायची. वही मराठीत. सुट्टीत ती वही हिच्याकडे असे. कुणाकडे देग राहिली, कुणाला आठवण करायची, मय्यत झालेल्या घरी किती दिवस विचारायचं नाही, हे सतरा वर्षांच्या पोरीला नेमकं कळत होतं. भरपूर फी घेणाऱ्या समुपदेशकाने सगळं खोडलं. "यात संघर्ष कुठंय? हिजाबवरून त्रास? दंगल?" ती हिजाब घालत नाही.

घरच्यांचा सल्ला उलटा: मुसलमानपणाचा उल्लेखच नको, रोबोटिक्सवर लिही. आणि अर्जावरचं नाव कुठे लपवणार?

भेदभाव खोटा आहे असं मी म्हणत नाही. सच्चर समितीचा 2006 चा अहवाल आपण वाचलाय, भाड्याने घर शोधताना आडनाव सांगितल्यावरची शांतताही ऐकलीय. ज्याच्यावर गुदरलं त्याने जरूर लिहावं. पण उसनी जखम का मागता? 2023 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार थांबवला, तरी वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे विद्यार्थ्याला लिहायची मुभा ठेवली. भेदभावाबरोबर प्रेरणेचाही उल्लेख केला. निबंधांच्या दुकानदारांना त्यातलं अर्धंच ऐकू आलं.

भाचीच्या मजकुरात एक वाक्य होतं: देगांची वही माझ्या हाती, पण देगांचं भाडं ठरवणाऱ्या बैठकीत एकही बाई नाही. समुपदेशक म्हणाला, हेच फुगव. मामा लोक म्हणाले, हेच काढ. तिने ते होतं तेवढंच, एका ओळीत ठेवलं आणि अर्ज पाठवला. जमातीच्या सदरांनी वाचलं तर चिडतील. चिडू देत.