रपटा बुडाला की गावाचे बेट होते

बेट म्हटले की आपल्याला वाटते, ते समुद्रातले. नागपूर जिल्ह्याचा त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे. जरा ऐका.

रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात घारापुरी बेट आहे. एलिफंटाची लेणी तिथलीच. १९८७ साली ती जागतिक वारशाच्या यादीत गेली. जगभरचे पाहुणे लाँचने येतात, सायंकाळी परत जातात. मागे उरतात राजबंदर, शेतबंदर व मोराबंदर या तीन वस्त्यांतली माणसे. मुंबई एवढी जवळ, पण या वस्त्यांना कायमची वीज मिळाली २०१८ च्या फेब्रुवारीत, समुद्रतळातून केबल टाकल्यावर. तोवर सायंकाळचे काही तास जनरेटर, मग अंधार.

अशा ठिकाणी मिठापासून औषधापर्यंत बरेच काही होडीने येते. दर्या खवळला की वाट बंद. म्हणून बेटावरचा माणूस जिन्नस संपायची वाट पाहत नाही, आधीच भरून ठेवतो.

आता आपल्याकडे पाहा. गडचिरोलीतले भामरागड घ्या. पर्लकोटेच्या पुराखाली ठेंगणा पूल गेला की तालुक्याचा संपर्क तुटल्याची बातमी वर्षानुवर्षे येत राहिली. आपल्या जिल्ह्यातही नाल्यापलीकडची गावे, टोले आहेतच. घारापुरी बारमाही बेट. ही गावे पावसाळ्यातली बेटे. फरक एवढाच, की ते लोक स्वतःला बेटकरी समजून तयारीत असतात, आपण समजत नाही. मग ऐन पुरात बाळंतीण अडते, साप चावलेला माणूस काठावरच राहतो.

तेव्हा सरपंच, ग्रामसेवक मंडळींना विनंती, १ मेच्या ग्रामसभेत हा विषय घ्याच. पावसाळ्यात दिवस भरणाऱ्या बायांची यादी आशाताईंकडून घ्या आणि त्यांची सोय आधीच दवाखान्याजवळच्या नातलगाकडे करा. रेशनचे धान्य वेळेआधी मागवा. विहिरीसाठी ब्लीचिंग पावडर भरून ठेवा. जनावरांना घटसर्प, फऱ्याच्या लसी पावसाआधीच टोचून घ्या. पूर आल्यावर डॉक्टर येणार कसा?

शेतकऱ्यांनी बी-खत मृग लागण्याआधी घरी आणावे. सोयाबीनचे घरचे बी असेल तर शंभर दाणे ओल्या पोत्यात ठेवून पाहा. सत्तर उगवले तर बी चांगले. कमी उगवले तर बदलायला अजून वाट मोकळी असते, जुलैत नसते.

आणि एक गोष्ट गाठीला बांधा. रपट्यावरून पाणी वाहत असताना बंडी घालू नका, मोटारसायकल तर नाहीच. एक दिवस उशीर झाला तर पीक सावरते, गेलेला माणूस परत येत नाही.

पूल मागायचा तो मागतच राहा, दर ग्रामसभेत ठराव करा. पण पूल होईस्तोवर पाऊस थांबणार नाही. बेटकऱ्यासारखी तयारी करणे मात्र आपल्याच हाती आहे.